महिला आघाडीच्या पुढे काय? कोकणातल्या वाचकांचे प्रश्न

भाजप, शिवसेना अशा उजव्या विचारांच्या पक्षांत काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या स्त्रियांनी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून पाठवलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे थोडी कापली आहेत, नावे गाळली आहेत.

मी आठ वर्षं भाजपच्या महिला मोर्चाचं काम करते. तालुक्याचं पद आहे. हळदीकुंकू, रक्षाबंधन, आंदोलनं, पाहुण्यांचं औक्षण सगळं करते. विधानसभेचा विषय काढला की ‘ताई, जरा थांबा’. नेमकं अडतं कुठे? — लांजा

दोन ठिकाणी, आणि दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

पहिली अडचण पक्षाच्याही आधीची, जागावाटपाची. रायगड ७, रत्नागिरी ५ आणि सिंधुदुर्ग ३ असे तळकोकणासह या पट्ट्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ. २०२४ मध्ये महायुतीत भाजपच्या वाट्याला त्यांतले चारच आले: पनवेल, उरण, पेण आणि कणकवली. चारही ठिकाणी पुरुष उमेदवार होते आणि चारही निवडून आले. रत्नागिरी जिल्ह्यात पक्षाला एकही जागा नव्हती. लांजा ज्यात येते तो राजापूर मतदारसंघ शिवसेनेकडे गेला. जिथे पक्षाचे चिन्हच यंत्रावर नाही तिथे तुमची आठ वर्षे कोणी मोजत बसत नाही. त्याच निवडणुकीत राज्यात २८८ पैकी २१ स्त्रिया निवडून आल्या, त्यांत भाजपच्या १४. म्हणजे पक्ष सरसकट नाकारतो असेही नाही. मात्र यादी बारकाईने पाहा. कल्याण पूर्वेत माजी आमदार गणपत गायकवाडांच्या पत्नी सुलभा, भोकरमध्ये अशोक चव्हाणांची कन्या श्रीजया. घराण्याचा आधार नसलेल्या बाईला वाट लांबचीच पडते. आपल्या १५ जागांतली एकमेव स्त्री आमदार श्रीवर्धनच्या अदिती तटकरे. त्या राष्ट्रवादीच्या आणि त्याही राजकीय घरातल्या. आमदारकीच्या आधी त्या रायगड जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होत्या, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे.

दुसरी अडचण तुमच्या हातातली. महिला मोर्चा ही पक्षाची समांतर शाखा आहे. उमेदवारीचा अहवाल मोर्चाकडून जात नाही. तो मंडल (साधारण तालुक्याएवढा भाग), जिल्हा आणि प्रदेश या मुख्य संघटनेतून जातो. म्हणून मोर्चाचे पद असतानाच मुख्य मंडल समितीत शिरा. भाजपच्या पक्षघटनेत या समित्यांत साधारण एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी आहेत, आणि बऱ्याच तालुक्यांत त्या कशातरी भरल्या जातात. मंडल किंवा त्यावरच्या समितीसाठी ‘सक्रिय सदस्य’ असावे लागते. नुसता मिस्ड कॉल देऊन मिळालेली प्राथमिक सदस्यता पुरत नाही. तीन वर्षांची प्राथमिक सदस्यता, शंभर रुपये निधी आणि वेगळा अर्ज लागतो. २०२४ च्या मोहिमेत त्यासाठी ५० सदस्य नोंदवण्याचीही अट होती. वर्षानुवर्षे राबणाऱ्या कार्यकर्त्यांकडेही सक्रिय सदस्यतेची नोंद नसते, आणि हे कळते ते नेमके समिती बनताना. आजच मंडल कार्यालयात जाऊन स्वतःचे नाव यादीत डोळ्यांनी पाहून या.

त्याच्याही खाली बूथ. पन्नाप्रमुख म्हणजे मतदार यादीच्या एका पानाची, सुमारे तीस मतदारांची जबाबदारी. हे काम पुरुषांच्या नावावर आणि प्रत्यक्षात बायकांच्या पायांवर चालते, कारण घरातला पुरुष मुंबईला, नाहीतर समुद्रावर. तेव्हा नावही तुमचेच लावून घ्या. पक्षाचा बूथस्तरीय प्रतिनिधी (बीएलए) म्हणून नेमणूकपत्र घ्या. मतदार यादीच्या कामात बीएलओपुढे, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यापुढे, बसण्याचा अधिकार त्याने येतो. मतदानाच्या दिवशी पोलिंग एजंट म्हणून आत बसा आणि संध्याकाळी मतांच्या हिशेबाचा नमुना १७-सी हातात घेतल्याशिवाय उठू नका. पाच बूथची अशी आकडेवारी जवळ असलेल्या बाईला जिल्हाध्यक्ष ‘थांबा’ म्हणताना विचार करतो. औक्षणाच्या फोटोंनी तसे होत नाही.

शिवसेनेचा साचा निराळा. तिथे शाखा, तालुकाप्रमुख, जिल्हाप्रमुख ही मुख्य साखळी आणि महिला आघाडीत बहुधा ‘संघटक’. नेमणुका वरून, मुंबईहून येतात. त्यामुळे तिथे कागदी अटी कमी, आणि संपर्कनेत्याच्या दौऱ्यात तुमचे काम त्याच्या नजरेला पडणे जास्त महत्त्वाचे.

जिल्हा परिषदेचा आमचा गट ओबीसी महिलेसाठी राखीव झाला. माझं माहेर कुडाळ तालुक्यात, सासर देवगडला. सासरच्यांकडे जातीचा दाखला आहे, तो चालेल ना? — देवगड

नाही. या कारणावरून कोकणात जेवढे अर्ज अडतात तेवढे बहुधा दुसऱ्या कशावरून अडत नसतील. लग्नाने जात बदलत नाही. दाखला तुमच्या वडिलांच्या बाजूचा, माहेरच्या आडनावाचा लागतो, आणि तो माहेर ज्या उपविभागात येते तिथल्या प्रांताधिकाऱ्याकडून.

पुरावा किती जुना हवा याच्या तारखा ठरलेल्या आहेत. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. त्या तारखेआधी तुमचे वडील, आजोबा किंवा चुलत आजोबा कुठे राहत होते आणि त्यांची जात कागदावर काय होती, हे दाखवायचे असते. चालणारे कागद: शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुना खरेदीखताचा कागद. वडील, सख्खा भाऊ किंवा चुलते यांच्यापैकी कोणाकडे आधीच वैधता प्रमाणपत्र असेल तर तेच सगळ्यांत वजनदार.

फसते कुठे तेही पाहा. जुन्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ लिहिलेले असते. मग आत्याच्या किंवा चुलत्यांच्या नोंदी शोधाव्या लागतात. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीच्या कागदांवर ‘जिल्हा रत्नागिरी’ असणारच, त्यात चूक नाही. मात्र जुने अभिलेख शोधताना रत्नागिरीचीही फेरी पडू शकते. रायगडच्या वाचकांच्या जुन्या कागदांवर ‘कुलाबा’ असेल, कारण तो जिल्हा १९८१ मध्येच रायगड झाला. आणि कागदांवर तुमची नावे दोन: शाळेत एक, लग्नानंतर दुसरे. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद. वीस वर्षांपूर्वी देवळात लग्न लावले आणि नोंदच केली नाही, असे असेल तर आधी तिकडे वळा.

दाखला म्हणजे वैधता नव्हे. वैधता जिल्हा जात पडताळणी समिती देते. अर्ज भरताना वैधता प्रमाणपत्र हाती नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पावती आणि ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र सादर करण्याचे हमीपत्र जोडून उमेदवारी दाखल करता येते. पण ती मुदत चुकली तर निवड मागच्या तारखेपासून रद्द होते. जिंकून, सत्कार घेऊन, मग सदस्यत्व गेलेल्या बायका याच हमीपत्रात अडकतात. सोडतीची वाट पाहू नका. आरक्षण फिरते असते. या खेपेला नाही तर पुढच्या खेपेला उपयोगी पडेल, म्हणून कागद आज करून ठेवा.

आणखी एक. तुमच्या गटाचे आरक्षण पुढच्या सोडतीत बदलले तर पाच वर्षांचे काम वाया गेले असे समजू नका. जिल्ह्यातल्या कोणत्याही गटाच्या यादीत नाव असले की जिल्हा परिषदेला दुसऱ्या गटातून उभे राहता येते, म्हणून शेजारच्या गटातही पाय ठेवून असावे. सर्वसाधारण जागेवर उभे राहायलाही बाईला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असते ती ‘राखीव असतानाच बायकांनी मागायचे’ या पक्षातल्या समजुतीची. अर्ध्या जागा २०११ पासून राखीव आहेत, तरी ही समजूत काही जात नाही.

अपात्र ठरू नये म्हणून आणखी काय तपासायचं? — मंडणगड

थोडक्यात, स्थानिक निवडणुकांसाठी. वय २१ पूर्ण. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनाच्या वर गेली असेल तर अपात्र. घरात शौचालय आणि त्याच्या वापराचा दाखला. घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली नसावी. घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी थकबाकीचा प्रश्न अर्जाच्या छाननीत निघतो, तेव्हा पावती घेऊनच ठेवा. थेट सरपंचपदासाठी, १ जानेवारी १९९५ ला किंवा नंतर जन्म झाला असेल तर सातवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा. निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळे बँक खाते उघडावे लागते, तेही आधीच उघडा. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा. हरलेल्या उमेदवार हा हिशेब हमखास विसरतात आणि पुढच्या निवडणुकीला अपात्र होऊन बसतात.

पक्षाचे चिन्ह हवे असेल तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने उमेदवारी दिल्याचा कागद, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला पाहिजे, शाईच्या मूळ सहीचा. झेरॉक्स किंवा व्हॉट्सअपवर आलेला फोटो चालत नाही. ऐन वेळी तो फॉर्म दुसऱ्याच्या खिशातून निघणे हा प्रकार सर्व पक्षांत घडतो. ग्रामपंचायतीला ही भानगड नाही, तिथे पक्षचिन्हच नसते.

माझं नाव अजून डोंबिवलीच्या यादीत आहे, पण आता गावीच राहते. दोन्हीकडे ठेवलं तर? — संगमेश्वर

ठेवू नका. दोन ठिकाणी नाव असणे कायद्याला मान्य नाही आणि खोटे निवेदन देऊन नाव नोंदवले तर वर्षभरापर्यंत कैदेची तरतूद आहे. स्थलांतरासाठी नमुना ८ भरा. नवीन नोंदणीचा नमुना ६ भरला की जुने नाव तिकडे तसेच राहते आणि विरोधकाला आयते हत्यार मिळते. स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच यादी वापरतात, राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या तारखेला ती जशी असेल तशी. त्या तारखेनंतर घातलेले नाव त्या निवडणुकीला कामाचे नाही. गणपतीत सगळे चाकरमानी घरी असतात, तेव्हाच कुटुंबाचे सगळे फॉर्म भरून घेणे सोयीचे.

संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही दरवर्षी घेतो. आचारसंहिता लागली तर घ्यायचं की नाही? — गुहागर

हळदीकुंकवाला बंदी नाही. प्रश्न वाणाचा आहे. उमेदवार किंवा तिच्या वतीने कोणी मत मिळावे म्हणून वस्तू वाटली तर ती लाच ठरते. भारतीय न्याय संहितेचे कलम १७० त्यासाठी आहे. शिक्षा कलम १७३ मध्ये, वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. वाण पन्नास रुपयांचा स्टीलचा डबा आहे की पाचशेची साडी, याने गुन्ह्याचे स्वरूप बदलत नाही. ‘वाण मंडळाने दिले, मी नुसती पाहुणी होते’ हा बचाव बॅनरवर तुमचा फोटो असला की टिकत नाही.

घ्यायचेच असेल तर वाण नको, बॅनर नको, चिन्ह नको, भाषण नको. तिळगूळ द्या आणि या. प्रचाराची सभा करायची असेल तर ती उघड, परवानगी काढून करा. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक सगळे खर्चात दाखवा. देवळाच्या सभामंडपात मात्र नाही. धर्मस्थळाचा प्रचारासाठी वापर करायला १९८८ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. गावात तेवढी एकच मोठी जागा असते हे खरे, पण तक्रार झाली की ती सबब ऐकून घेत नाहीत. शाळेचे पटांगण किंवा कोणाचे तरी खळे पाहा.

बचतगटाच्या बैठकीला जोडून पक्षाची बैठक लावण्याची सवय मोडा. गटात सगळ्या पक्षांच्या घरच्या बायका असतात. एकदा गट ‘अमुक पक्षाचा’ म्हटला गेला की कर्जाचा हप्तासुद्धा राजकारण होतो.

गावकीने सरपंचपद बिनविरोध ठरवलं आहे. मी अर्ज भरला तर वाळीत टाकू म्हणतात. गावच्या मुंबईतल्या मंडळाचाही दबाव आहे. — म्हसळा

बिनविरोध करण्याचा सल्ला देणे गुन्हा नाही. वाळीत टाकणे, किंवा तशी धमकी देणे, गुन्हा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा, अमलात २०१७ पासून; तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. गावकीच्या बैठकीत बायकांना बसू देत नाहीत तिथे ठराव झाल्याचे तुम्हाला दुसऱ्याकडून कळते, म्हणून पुरावा गोळा करणे अवघड जाते. व्हॉट्सअपवरचे संदेश पुसू नका, बैठकीची तारीख आणि हजर असलेल्यांची नावे त्याच रात्री लिहून ठेवा, आणि पोलीस ठाण्यात तोंडी न सांगता लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पद लिलावात ‘बोली’ लावून दिले असेल तर ते राज्य निवडणूक आयोगाला कळवा.

पक्षाच्या पुढाऱ्याकडून इथे फार अपेक्षा ठेवू नका. गावकीची एकगठ्ठा मते त्यालाही हवी असतात.

मी सरपंच आहे. डोंगल यजमानांकडे असतो, त्यांना कामाची जास्त माहिती आहे. यात काही चूक आहे का? — माणगाव

आहे. त्या डोंगलमध्ये तुमची डिजिटल सही आहे. ग्रामपंचायतीचे पैसे ई-ग्रामस्वराजवरून तुमच्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या सहीने जातात. उद्या लेखापरीक्षणात बिल खोटे निघाले तर वसुली तुमच्यावर, पद जाईल तेही तुमचे. यजमानांचे नाव त्या कागदांवर कुठेच नसते.

डोंगल स्वतःजवळ घ्या आणि पिन बदला. प्रत्येक देयकाआधी मोजमाप पुस्तिका, ठराव क्रमांक आणि कामाचा फोटो पाहायचा, मगच सही. सुरुवातीला महिनाभर उशीर होईल, ठेकेदार कुरकुर करतील, करू द्या. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणे कायद्याने सांगितले आहे; ती कागदोपत्री न उरकता खरोखर भरवा. पाणी, अंगणवाडी, रस्त्याचे दिवे यांचे ठराव तिथूनच येऊ द्या. ग्रामसभेत तुमच्या बाजूने बोलणाऱ्या बायका तयार होतात त्या तिथे.

उजव्या पक्षांत बाईला ‘मातृशक्ती’ म्हणून मखरात बसवतात आणि निर्णय पुरुष घेतात, असं माझ्या कॉलेजातले मित्र म्हणतात. खरं आहे का? — चिपळूण

बरेचसे खरे आहे, पण पुरते नाही.

राष्ट्र सेविका समिती लक्ष्मीबाई केळकरांनी १९३६ मध्ये वर्ध्याला काढली. संघात स्त्रियांना जागा नव्हती, म्हणून समांतर संघटना. हा ‘समांतर’पणा पुढे महिला मोर्चा, महिला आघाडी यांतही उतरला. त्याचा फायदा असा की सनातनी घरातली सूनही संध्याकाळी शाखेला, भजनाला, मग मोर्चाला बाहेर पडू शकली. तिला कोणी अडवले नाही, कारण भाषा घराची आणि धर्माची होती. तोटाही त्याच भाषेत आहे: बाई सेवेसाठी, पुरुष निर्णयासाठी ही वाटणी तिने कधी मोडली नाही. शिवसेनेच्या महिला आघाडीने रस्त्यावरचा आक्रमकपणा बायकांना दिला, पण कोणत्या प्रश्नावर उतरायचे हे बहुतेक वेळा वरून ठरले.

तरी उदाहरणे पाहा. डॉ. कुसुम अभ्यंकर, डॉक्टर आणि कादंबरीकार, १९७८ मध्ये जनता पक्षाकडून आणि १९८० मध्ये भाजपकडून रत्नागिरीच्या आमदार झाल्या. विधानसभेत स्त्रियांसाठी राखीव जागा तेव्हाही नव्हत्या. आणि तुमच्याच चिपळूणला १९४३ मध्ये जन्मलेल्या सुमित्रा महाजन. लग्नानंतर इंदूरला गेल्या, तिथे नगरसेविका, उपमहापौर झाल्या, १९८५ ची विधानसभा हरल्या, १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष. त्यांचा रस्ता महापालिकेतून गेला आणि हरल्यावरही त्या मतदारसंघात टिकून राहिल्या. महिला मोर्चाच्या पदावरून थेट सभागृहात, असा प्रवास फार थोड्यांचा. आणि झालाच तर बहुधा विधान परिषदेत, म्हणजे पक्षनेतृत्वाच्या मर्जीने. तुमच्या मित्रांना एक उलटा प्रश्नही विचारा: त्यांच्या पसंतीच्या पक्षाने याच १५ मतदारसंघांत किती स्त्रियांना उभे केले होते?

विधानसभेतलं ३३ टक्के आरक्षण आलं की प्रश्न सुटेल ना? — पेण

१०६ वी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. त्या कायद्याप्रमाणे, त्यानंतरची पहिली जनगणना आणि तिच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर आरक्षण लागू व्हायचे. आजच्या २८८ च्या हिशेबाने ९६ जागा होतात. विधान परिषदेला ते लागू नाही. पुनर्रचनेत मतदारसंघांच्या हद्दी बदलतील, तेव्हा विद्यमान आमदारांच्या घरातल्या बायका पहिल्या रांगेत असतील हे गृहीत धरा. ज्यांच्याकडे बूथ आणि कागद तयार आहेत त्यांनाच तेव्हा भांडता येईल.

मी पदवीधर आहे, तरी कोकण पदवीधर मतदारसंघात माझं नाव नव्हतं. विधानसभेच्या यादीत तर आहे. — मालवण

ती यादी वेगळी, आणि दर निवडणुकीला नव्याने बनते. मागच्या वेळी नाव असले तरी पुन्हा अर्ज करावा लागतो. नमुना १८ भरायचा. यादी बनते त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरच्या आधी किमान तीन वर्षे पदवी मिळालेली हवी. शिक्षक मतदारसंघासाठी नमुना १९. मागची पदवीधर निवडणूक जून २०२४ मध्ये झाली, मुदत सहा वर्षांची.

बायकांची नावे राहतात ती पदवी माहेरच्या नावाने आणि रहिवासाचा पुरावा सासरच्या नावाने असल्यामुळे. अर्जाला विवाह दाखल्याची किंवा राजपत्राची प्रत जोडली नाही तर अर्ज बाजूला पडतो. गठ्ठ्याने अर्ज घेत नाहीत. कुटुंबातल्या माणसाने घरच्यांचे किंवा संस्थाप्रमुखाने आपल्या कर्मचाऱ्यांचे दिले तर घेतात. महिला आघाडीला खरोखर काही काम करून दाखवायचे असेल तर तालुक्यातल्या पदवीधर सुनांची यादी काढून, प्रत्येकीच्या नावबदलाचा कागद २०२९ च्या पावसाळ्याआधी तयार ठेवावा. पदवीधरच्या उमेदवाराला अशा यादीची किंमत चांगली कळते.